पथ्य कोणते?

(द्वितीय वर्ष, कला)

डॉक्टरांनी औषध लिहून दिले की आपल्याकडे रोगी पहिला प्रश्न विचारतो तो पथ्याचा. वांगे चालेल का, ताक चालेल का, आंबट किती दिवस बंद? हा प्रश्न विचारण्याची आपली रीत चांगलीच आहे. दुर्दैव इतकेच, की ज्या औषधांना खरोखर कडक पथ्य आहे, त्या कर्करोगाच्या औषधांच्या बाबतीत आपण वांग्यापाशीच थांबतो. पुढचे कोणी विचारीत नाही, आणि पुष्कळदा कोणी सांगतही नाही.

हा विषय वैद्यकीय शाखेचा, कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. आमच्या आळीत गोळ्यांच्या खोक्यातला तो घडी घातलेला इंग्रजी कागद वाचून घ्यायला लोक माझ्याकडे येतात, कारण कॉलेजात जाणारी मी एकटीच. मुंगीएवढी अक्षरे असतात. मी शब्दकोश घेऊन बसते. म्हणजे प्रश्न भाषेचा आहे, आणि भाषा हा तर आपलाच विषय.

केमोथेरपीची बरीचशी औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्यांना आपला-परका कळत नाही. केसांची मुळे, तोंडातले व आतड्यातले अस्तर, हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशी, हे सारे त्यांच्या तडाख्यात सापडते. म्हणून केस गळतात, तोंड येते, जुलाब लागतात. घरची माणसे केसांसाठी रडतात, पण केस बहुधा परत येतात. खरे भय पांढऱ्या पेशींचे. औषध चढविल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांच्या सुमारास त्या सर्वांत कमी असतात, आणि तेव्हा १००.४ अंश ताप म्हणजे नेहमीचा ताप नव्हे. रात्र असो की अमावास्या असो, तत्काळ रुग्णालय गाठावयाचे. घरीच पॅरासिटामॉल देऊन वाट पाहिली तर ताप दबतो, जंतू दबत नाहीत.

आमच्या शेजारच्या काकूंना रोगाचे नावच सांगितलेले नव्हते. ‘गाठीचे औषध’ एवढेच त्यांना ठाऊक. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या रात्री अंग तापले, तेव्हा ‘पोरांची झोप कशाला मोडा, सकाळी बघू’ म्हणून त्या गोधडी ओढून पडून राहिल्या. सकाळी त्यांना उचलून न्यावे लागले. अतिदक्षता विभागात अकरा दिवस काढून त्या परत आल्या, हे आमचे नशीब. पुढे त्यांची फाइल मी पाहिली. तापाची सूचना तिसऱ्या पानावर होती, ठळक अक्षरांत, खाली रेघ मारलेली. इंग्रजीत.

नाव ऐकून माणूस खचतो, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. खचत असेलही. परंतु ज्याला आपल्या अंगात काय चढविले आहे हेच ठाऊक नाही, तो मध्यरात्री घर उठवील कशाला?

शिवाय प्रत्येक औषधाची तऱ्हा निराळी. डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी तांबडी होते. ते रक्त नव्हे, औषधाचाच रंग. सायक्लोफॉस्फामाइड घेतल्यावर लघवी तांबडी झाली तर मात्र ते मूत्राशयातून येणारे रक्त असू शकते, ताबडतोब सांगितले पाहिजे. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गार पाणी प्यायले की घशात विचित्र कळ येते, बोटांना मुंग्या येतात. मेथोट्रेक्सेटची गोळी अनेकांना आठवड्यातून एकदाच असते, संधिवाताच्या रोग्यांनाही. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. हा ‘एकदाच’ एवढा एक शब्द मराठीत मोठ्या अक्षरांत छापायला किती शाई लागते?

दारातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन हे औषध काढतात, हे कुठेतरी ऐकून तिची पाने चावणारेही मी पाहिले आहेत. प्रौढ माणसालाही हे औषध एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, इतके ते जहाल. पानात किती आहे हे कोण मोजणार?

घरात धुणे-भांडी करणाऱ्या बाईचा विचार तर कोणाच्याच मनात येत नाही. औषधाचा अंश रोग्याच्या लघवीतून, उलटीतून साधारण ४८ तास बाहेर पडत असतो. तेवढे दिवस ते कपडे हातमोजे घालून, वेगळे धुवावेत, संडासात दोनदा पाणी ओतावे, गोळ्या कुटू नयेत, आणि गरोदर बाईने या कशालाही हात लावू नये. आमच्याकडे नेमके उलटे चालते. रोग्याचे ताट-पेला वेगळा काढतात, नातवाला मांडीवर बसू देत नाहीत, आणि उलटीचे पातेले मात्र गरोदर सून उघड्या हातांनी घासते. कर्करोग स्पर्शाने होत नाही. जपायचे आहे ते औषधापासून, माणसापासून नव्हे.

मोबाइल भाषांतर करून देतो, हे खरे. पण आमच्या काकूंना ‘न्यूट्रोपेनिया’चे भाषांतर नको आहे, ‘ताप आला तर रात्रीच उठवा’ हे वाक्य हवे आहे. असे वाक्य लिहिणे हे मराठीच्या विद्यार्थ्याचे काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दर वर्षी तोच रस्ता झाडतो (आणि छायाचित्र काढतो). या वर्षी मराठी विभागाने आणि योजनेच्या मुलांनी मिळून एक पान लिहावे, कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांकडून ते तपासून घ्यावे व गावातल्या औषधांच्या दुकानांत ठेवावे. आमचे प्राध्यापक व्याकरण पाहतीलच, मात्र त्यांनी त्यात ‘तदनंतर’ घालू नये एवढी विनंती. अक्षरे मोठी असावीत, आणि सर्वांत वर रुग्णालयाचा रात्रीचा फोन नंबर लिहिण्यासाठी जागा सोडावी.