निबेलहाइमचं तळघर

या अंकाच्या मुखपृष्ठावर सेफिरॉथ आहे. १९९७ साली जपानच्या स्क्वेअर कंपनीने प्लेस्टेशनसाठी काढलेल्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मधला खलनायक. माणसाच्या उंचीहून लांब अशी त्याची ‘मासामुने’ तलवार आणि त्या खेळातल्या ग्रहावर उल्का ओढून आणणारी जादू खेळणाऱ्यांना पाठ आहे.

आम्हाला मात्र अडवतं ते निबेलहाइम गावातल्या वाड्याचं तळघर. सेफिरॉथ पोटात असतानाच जेनोव्हा या परग्रहावरून आलेल्या जीवाच्या पेशी त्याच्यात सोडल्या गेल्या. हे केलं होजो या शास्त्रज्ञाने, त्याच्या सख्ख्या बापाने. आई लुक्रेशियाला बाळ एकदाही हातात घेता आलं नाही. मुलाला आईचं म्हणून ठाऊक होतं ते एकच नाव, जेनोव्हा. युद्धात नावाजलेला हा वीर त्या तळघरात दिवसरात्र जेनोव्हाविषयीचे जुने कागद वाचत बसला आणि बाहेर येऊन त्याने गाव पेटवलं. भयंकर गोष्ट ही, की कागदांतच चूक होती! जेनोव्हाला त्यांत प्राचीन सेत्रा वंशाची मानलं होतं.

नायकाच्या साथीदार एरिथचा खून आम्ही त्याला माफ करत नाही. पण या कथेतला पहिला गुन्हेगार होजोच.