बचत कोणाची?

‘बचत’ हा शब्द आमच्या भाषेत जुना आहे, आणि त्याचा अर्थही आजवर सरळ होता. मिळकतीतून खर्च वजा जाता जे हाती उरते ती बचत. ती पोस्टात ठेवा, पेढीवर ठेवा, अगर तांदळाच्या डब्यात दडवून ठेवा. ती कोठेतरी असते, आणि दाखवा म्हटले तर दाखविता येते. अलीकडे मात्र हा शब्द दुकानदाराने आपल्या मालकीचा करून टाकला आहे. सातारच्या पोवई नाक्याकडील एखाद्या नव्या भांडारात जा, नाहीतर सांगलीच्या. बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेले असते, ‘आजची आपली बचत रुपये ६४०’. गृहस्थ ते वाचतो आणि संतोष पावतो. पण ही बचत आहे कोठे, असे त्यास कोणी विचारिले तर तो खिसा चाचपू लागतो. खिशातून गेले ते तीन हजार रुपये. जे ६४० वाचले म्हणून सांगतात ते खिशात कधी नव्हतेच. ते केवळ वेष्टनावर छापलेले होते.

ही फसगत आता पंचांगात बसली आहे. पाडवा, दसरा, दिवाळी, स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन आणि लग्नसराई उलटल्यानंतरचा रिकामा आषाढ, अशी ‘सेल’ची एक स्वतंत्र तिथिमालिकाच तयार झाली आहे. फ्लिपकार्टने ६ ऑक्टोबर २०१४ रोजी आपल्या ‘बिग बिलियन डे’चा प्रयोग केला, पुढील वर्षी ॲमेझॉनने आपला उत्सव आरंभिला, आणि तेव्हापासून दिवाळीचा बाजार हरभट रोडवर भरतो तितकाच मोबाईलच्या काचेवरही भरतो. त्या पहिल्या दिवसानंतर फ्लिपकार्टच्या संस्थापकांना ग्राहकांची लेखी क्षमा मागावी लागली होती, आणि किमती मध्येच बदलल्याच्या तक्रारीचाही त्या पत्रात उल्लेख होता, हे आता फारसे कोणास स्मरत नाही. दरवर्षी गर्दी होते ती होतेच.

आमचा आक्षेप स्वस्ताईवर नाही. स्वस्त मिळावे असे वाटणे हा मध्यमवर्गाचा दोष नव्हे. महिनाअखेरीची तारीख ज्यास ठाऊक आहे अशा प्रत्येक कुटुंबाचा तो धर्मच आहे. आमचा आक्षेप असा की, किंमत ‘कमी’ झाली असे म्हणताना ती कशाहून कमी झाली हे सांगण्याचा अधिकार आपण सर्वस्वी विकणाऱ्याच्या हाती सोडला आहे. आपल्याकडील वजनमापाच्या कायद्याप्रमाणे वेष्टनबंद वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि तिजहून अधिक घेता येत नाही. कायदा चांगला आहे. त्यामुळे खेड्यातल्या गिऱ्हाइकाचेही संरक्षण झाले आहे. परंतु ती किंमत किती छापावी हे बहुतेक वस्तूंच्या बाबतीत उत्पादकच ठरवितो. मग हजाराची वस्तू करून तिजवर दोन हजार छापावयाचे आणि ‘अर्ध्या किमतीत’ अशी पाटी लावावयाची, यात त्यास अडचण ती कोणती? छापणाराही तोच, खोडणाराही तोच. आपण मात्र त्या खोडलेल्या आकड्याकडे पाहून कृतज्ञ व्हावयाचे.

आमच्या आजीच्या पिढीतील बायका सांगलीच्या कापड पेठेत पातळ घेताना घासाघीस करीत, तेव्हा इंग्रजी शिकलेल्यांस त्याची लाज वाटे. एकच भाव असावा, लहान मुलानेही दुकानात जावे आणि फसू नये, हा आधुनिक व्यापाराचा नीतिधर्म म्हणून आम्हांस शिकविण्यात आला, आणि तो खोटा नव्हता. पॅरिस येथे बूसिको याने १८५२ पासून ‘बों मार्शे’ या दुकानाची जी वाढ केली तीत ठरावीक भावाचा वाटा मोठा होता. पण त्याच पॅरिसमधील दुकानांवर एमिल झोला याने १८८३ साली जी कादंबरी प्रसिद्ध केली, तीत दुकानाचा मालक एक रेशमी कापड मुद्दाम तोट्याने विकतो. कारण त्या एका कापडासाठी आत आलेली स्त्री इतर दहा वस्तू घेतल्यावाचून बाहेर पडणार नाही हे त्यास पक्के ठाऊक आहे. आज मोबाईलच्या काचेवर जे चालते त्याचे मर्म तेथे आले आहे. घासाघीस परत आली आहे, एवढेच. मात्र आता ती एकतर्फी आहे. विकणारा आपल्याशीच भाव करतो आणि आपण टाळ्या वाजवितो. आजी निदान समोर उभी असे, आणि मागल्या दिवाळीस काय भाव होता तो तिला तोंडपाठ असे!

या ठिकाणी कोणी बायकांच्या हौसेवर विनोद करू पाहील तर त्याने प्रथम आपल्या घरातील जुने मोबाईल मोजावेत.

भाव खरोखर उतरतो तेव्हा त्यास काहीतरी कारण असते, आणि ते डोळ्यांना दिसते. सांगलीकरांस तर हे निराळे सांगावयास नकोच. माघ-फाल्गुनापासून नवी हळद बाजारात येऊ लागते, सौदे सुरू होतात, आणि आवक वाढली की भावास ओढ लागते. हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षे हळद पुरून ठेवीत ती उगीच नव्हे. स्वस्ताईच्या दिवसांत साठवावे आणि टंचाईत काढावे, हाच त्यातला हिशेब. तासगावचा बेदाणा, दिवाळीनंतरचा नवा गूळ, कोरेगावकडील घेवडा, यांचाही असाच आपापला हंगाम असतो. आमच्या घरांतून चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी होत असे, हळद-मिरची कुटून बरण्या भरत, त्या वेळी जे वाचे ते खरोखरच वाचे. कारण जी वस्तू वर्षभर लागणारच होती तीच स्वस्ताईच्या महिन्यात घेतलेली असे. ‘हंगामी सवलत’ हा शब्द ज्यांस हवा असेल त्यांनी तो येथे वापरावा. दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे मागणी सर्वांत अधिक असते त्याच वेळी, वस्तू सर्वांत स्वस्त कशी होते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यासही पडावयास हवा. कधी मागल्या सालचा साठा काढून टाकण्याची निकड असते, कधी दोन कंपन्यांची स्पर्धा असते, हे आम्ही जाणतो. परंतु पुष्कळदा उत्तर एवढेच असते की, ती स्वस्त झालेलीच नसते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि सांगलीची बाजारपेठ बुडाली. पाणी ओसरल्यावर भिजलेला माल येईल त्या किमतीस काढण्याखेरीज व्यापाऱ्यांस गत्यंतर नव्हते. लोकांनी ते कपडे घेतले, धुतले, वापरले. त्या विक्रीत दुःख होते, पण लबाडी नव्हती. किंमत का उतरली हे कापडावरच्या गाळाने सांगितले होते. दुसरे उदाहरण कराचे घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे दूरदर्शनसंच व वातानुकूलक यंत्रे यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शंभराच्या मूळ किमतीवर पूर्वी १२८ पडत, ते आता ११८ पडू लागले. म्हणजे सुमारे पावणेआठ टक्क्यांची घट. ही घटही खरी. मात्र त्याच आठवड्यात सणाचे सेल उघडले, तेव्हा सरकारने सोडलेला पैसा किती आणि दुकानदाराने सोडलेला किती, हे किती घरांतून मांडून पाहिले गेले असेल?

मांडून पाहण्याची सवयच मोडावी अशी तर या जाहिरातींची भाषा असते. ‘७० टक्क्यांपर्यंत सूट’ या वाक्यात सत्तर हा आकडा हातभर उंच आणि ‘पर्यंत’ मुंगीएवढे. मराठी व्याकरणातील इतके महाग शब्दयोगी अव्यय दुसरे नसेल. ‘५० टक्के, आणि वर आणखी २० टक्के’ ही सूट वाचणाऱ्याच्या मनात सत्तर होते. कागदावर ती साठच भरते, कारण वरचे वीस टक्के उरलेल्या पन्नासावर मोजावयाचे असतात. ‘दोनांवर एक फुकट’ म्हणजे तेहतीस टक्के, तेही तीन हवे असतील तर. शिवाय ‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘अवघी दहा मिनिटे उरली’ ही हाकाटी आहेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या १३ फसव्या युक्त्यांना मनाई केली, त्यांत ही खोटी घाई आहे. मनाई झाली, पण विचार करण्यास वेळ न देणे हा ज्या धंद्याचा पाया आहे, तो एका परिपत्रकाने थांबेल हे संभवत नाही.

आणि हप्ते! पूर्वी खिशात पैसा नसला की मोह आपोआप आवरे. आता ‘बिनव्याजी हप्ते’ पुढे येतात. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, ते व्याज कोठेतरी दुसऱ्या नावाने वसूल होतेच, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. ज्या घरात चार वस्तूंचे हप्ते एकाच वेळी चालू आहेत तेथे ‘बचत’ हा शब्द उच्चारणेही धाडसाचे आहे. २०२२-२३ साली भारतीय कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५ टक्क्यांवर उतरली. कित्येक दशकांतील तो नीचांक होता. याचे खापर एकट्या सेलवर फोडण्याइतके आम्ही भाबडे नाही. घरे, शिक्षण आणि दवाखाना यांची कर्जे त्यात आहेत. तथापि ज्या वर्षांत बिलांवरची बचत फुगत गेली त्याच वर्षांत पासबुकातली आटत गेली, हा योगायोग तरी ध्यानात घेण्यासारखा आहे.

यावर आमचे एक तरुण अर्थशास्त्री मित्र म्हणतात, ग्राहक काही कुक्कुलं बाळ नव्हे. त्यास परवडले तर तो घेईल, नाहीतर नाही. ग्राहक बाळ नव्हे हे आम्हांसही मान्य आहे. पण शहाण्या मनुष्यासही निवाडा करण्यास पुरावा लागतो, आणि येथे पुरावा ज्याच्याजवळ आहे तोच पक्षकार आहे. युरोपीय संघाने हा न्याय ओळखला. २८ मे २०२२ पासून तेथे लागू झालेल्या नियमानुसार, किंमत उतरविल्याची जाहिरात करणाऱ्याने त्यापूर्वीच्या निदान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत सांगितली पाहिजे. आणि सवलतीचे टक्के याच किमतीवरून मोजले पाहिजेत, असा निर्वाळा त्यांच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये एका किराणा साखळीविरुद्धच्या खटल्यात दिला. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीचे २०२२ चे निर्देश आहेत. या एका ओळीची त्यांत भर घालण्यास कोणती हरकत आहे? प्रामाणिक व्यापाऱ्याचे यात काहीच जात नाही. उलट कापड पेठेतील जो दुकानदार वर्षभर वाजवी भावाने विकतो आणि म्हणून दिवाळीत पन्नास टक्के ‘सोडू’ शकत नाही, त्याची आज जी कुचंबणा होते ती टळेल.

कायदा होईतो घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. हिशेबाची वही अजून सुटलेली नाही अशी घरे सातारच्या पेठांतून आहेत. त्या वहीत वस्तूपुढे नुसती रक्कम न लिहिता भाव आणि महिना लिहिला, की युरोपचा तीस दिवसांचा नियम त्या घरापुरता आजच लागू झाला. काय हवे त्याची यादी सेल उघडण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे. आणि शेजारपाजारच्या दहा-बारा कुटुंबांनी मिळून घाऊक खरेदी करावी. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासद कुटुंबांचे संघ करून, आधी मागणी नोंदवून, एकत्र माल आणीत आली आहे. इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली काढलेल्या दुकानात तर माल चालू बाजारभावानेच विकत, आणि उरलेला नफा ज्याने जितके घेतले त्या प्रमाणात त्यास परत देत. ती रक्कम नाणे होऊन हातात पडे. सांगलीत गणपती पेठेसारखा घाऊक बाजार पायाखाली असता आणि चैत्रात नवी हळद, नवा बेदाणा दाराशी येत असता, असे दहा-बारा घरांचे संघ विश्रामबागेत आणि सातारच्या सदर बझारात का निघू नयेत, हे आम्हांस समजत नाही. आमच्या महाविद्यालयातील सहा कुटुंबांनी येत्या पाडव्यापासून आरंभ करण्याचे ठरविले आहे. गहू, तूरडाळ, हळद आणि मिरची या चार जिनसांपासून.