कुत्रीचा माज आणि गाईचा हिशेब

गाय केव्हा माजावर आली, केव्हा फळली आणि केव्हा विणार, याचा हिशेब चांगल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतो. त्याच गोठ्याच्या दाराशी राखणीला बसणाऱ्या कुत्रीचा हिशेब मात्र क्वचितच ठेवला जातो. ती केव्हातरी माजावर येते, केव्हातरी विते, आणि पिल्लांचा बाप कोण हे कोणासच ठाऊक नसते. साध्या राखणीच्या कुत्रीच्या बाबतीत याचे फळ म्हणजे नकोशी पिल्ले. परंतु लातूरकडील कारवानी व पश्मी कुत्री, किंवा कर्नाटकातील मुधोळ भागातील मुधोळ जातीची कुत्री जे शेतकरी पाळतात, त्यांची पिढ्यान्‌पिढ्या जपलेली जातच या निष्काळजीपणामुळे बिघडते. २००५ साली मुधोळ जातीच्या कुत्र्याचे टपाल तिकीट निघाले. असा गौरव होणे चांगलेच. तथापि जात टिकते ती पाळणाऱ्याच्या अंगणात, आणि तेथे माजाच्या तीन आठवड्यांत दक्षता हवी.

गाईचा नियम कुत्रीला लागत नाही

चुकीचे मूळ बहुधा एकच असते: गाईवरून कुत्रीचा अंदाज बांधणे. गाय सुमारे २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते आणि तिचा माज एका दिवसाच्या आत ओसरतो. माजानंतर एकदोन दिवसांनी रक्त दिसले, तर वेळ टळून गेली असे जाणता शेतकरी समजतो. गाईच्या बाबतीत ही समजूत योग्यच आहे.

कुत्रीत नेमके उलट घडते. निरण सुजून रक्तमिश्रित स्राव सुरू होणे ही माजाची केवळ पूर्वतयारी होय. हा काळ सरासरी नऊ दिवसांचा असतो. या दिवसांत नर तिच्यामागे फिरतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढे स्राव फिका पडतो, सूज मऊ होते, आणि ती शेपूट बाजूला करून नरासमोर स्थिर उभी राहते. हा खरा माज होय, व तोही सरासरी नऊ दिवस टिकतो. रक्त कमी झाले, आता भीती नाही, असे समजून अनेक ठिकाणी कुत्रीला नेमक्या याच वेळी मोकळे सोडले जाते. गर्भ राहण्याचा काळ तेव्हाच असतो. नराचे बीज तिच्या शरीरात अनेक दिवस जिवंत राहू शकते. त्यामुळे एकाच वेतातील पिल्लांचे बाप निरनिराळे असणेही संभवते. म्हणून पहिला रक्ताचा थेंब दिसल्यापासून ती नराला पुन्हा हुसकावून लावीपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, तिला बंदिस्त ठेवणे अवश्य आहे.

दिवस मोजावेत, पण लक्षणेही पाहावीत

कुत्री सामान्यतः सहा-सात महिन्यांनी माजावर येते. काहींत हे अंतर चार महिन्यांचे, तर काहींत वर्षाचेही असते. जातिवंत कुत्रीचा संयोग दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान करण्याची रीत आहे. अनेकींना ती लागू पडते, सर्वांना नाही. म्हणून कुत्रीने नराला स्वीकारल्यावर एक दिवसाआड दोनदा संयोग घडवावा. वारंवार गर्भ राहत नसल्यास उदगीर किंवा परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालयात सल्ला घ्यावा. संयोगापासून सुमारे ६३ दिवसांनी कुत्री विते. चार-सहा दिवस मागेपुढे होऊ शकतात.

माजानंतर गर्भ नसतानाही काही कुत्र्यांचे पोट व स्तन भरतात, दूधही येते. अशा वेळी पिल्लांचा बयाणा घेऊन ठेवणारा फसतो. याउलट, माजानंतर काही आठवड्यांनी कुत्री मलूल होऊन फार पाणी पिऊ लागली, किंवा निरणेतून पू येऊ लागला, तर तो गर्भाशयाचा प्राणघातक विकार असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पू बाहेर आलाच नाही तर धोका अधिक असतो. माज थांबविण्याच्या टोचण्या पशुवैद्याला विचारल्याविना देऊ नयेत. त्यांनी हाच विकार ओढवू शकतो.

प्रत्येक माज वेतासाठी नव्हे

पिल्लांना किंमत येते, मग माज वाया का घालवावा, असा प्रश्न काही पाळणारे विचारतात. हिशेब पाहावा: दोन महिने गर्भ, दीड-दोन महिने पिल्लांचे दूध, पुढच्या माजापर्यंत तिच्या वाट्याला दोन-तीनच महिने उरतात. एवढ्यात झिजलेले अंग भरून येत नाही, आणि दुबळ्या आईची पिल्ले दुबळीच निघतात. श्वान प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनीही १८ महिन्यांपूर्वी प्रजनन करू नये, लागोपाठच्या दोन माजांत वेत घेऊ नये आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असे घालून दिले आहे. पहिल्या माजाला कुत्री स्वतःच वाढीला लागलेली असते; तो माज सोडून देणे हेच शहाणपणाचे होय. जिच्यापासून पिल्ले नकोतच, तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे बेवारस पिल्लांचा प्रश्नही उरत नाही.

या सर्वास खर्च नाही. घरातील दिनदर्शिकेवर रक्त दिसल्याचा पहिला दिवस, नराला स्वीकारल्याचा दिवस, संयोग आणि वेत या चार नोंदी पुरेशा आहेत. तीन माजांच्या नोंदी जमल्या की त्या कुत्रीची स्वतःची चाल कळू लागते. ग्रामकार्यकर्त्यांनी पिसाळीच्या लसीकरणासाठी घरोघर जाताना एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा: मागचा माज केव्हा आला होता? उत्तर सांगता येऊ लागेल, त्या घरची कुत्री व तिची पिल्ले दोन्ही सुधारतील.