जुन्या गाडीला इलेक्ट्रिक किट : आधी घाट बघा, मग कागद बघा

सातारा/सांगली : पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून जुन्या स्प्लेंडरला इलेक्ट्रिक किट बसवावं का, हा प्रश्न गावोगावी आहे. २०२१ मध्ये ठाण्याच्या गोगोए१ कंपनीने स्प्लेंडरसाठी किट आणलं. तेव्हा किंमत सुमारे ३५ हजार होती, पण बॅटरी वेगळी. ती धरली की खर्च लाखाच्या घरात. म्हणून भाव विचारताना बॅटरीसकटच विचारा.

रेंजचा हिशेब स्वतः करा. ६० व्होल्ट गुणिले ३० अँपिअर-अवर म्हणजे १,८०० वॉट-अवर. सपाट रस्त्याला गाडी किलोमीटरला साधारण ३० वॉट-अवर खाते, म्हणजे ६० किलोमीटर. मिरज-पलूस भागात हे जमेल. पण यवतेश्वर किंवा पसरणी घाट, त्यात मागे माणूस नाहीतर दुधाचे कॅन, मग हा आकडा बराच खाली येतो.

आता आरामाचं. हब मोटर मागच्या चाकातच बसते, चाक जड होतं आणि खड्ड्यात दणका जास्त लागतो. त्यामुळे मागचे शॉकअप आधी तपासा. बॅटरी इंजिनाच्या जागी, खालच्या बाजूला बसली तर तोल राहतो. कॅरियरवर बांधली तर वळणावर गाडी डुलते.

सगळ्यात महत्त्वाचा कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार किट मान्यताप्राप्त हवं आणि बदलाची नोंद आरसीवर हवी. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातात भरपाई अडकू शकते.

थोडक्यात, रोजचं अंतर ठरलेलं, रस्ता सपाट आणि घरी चार्जिंगची सोय असेल तरच किट परवडेल. रोज घाट चढायचा असेल, तर लाखभर घालण्याआधी नव्या इलेक्ट्रिक गाडीचाही भाव काढा.