न जाण्याचा खर्च कोण मांडणार?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एक न्यायालय बसते. खटला मुलीच्या पुढील शिक्षणाचा. न्यायाधीश बाप, साक्षीदार काका-मामा. जिच्या आयुष्याचा निकाल लागावयाचा ती मात्र दाराआड उभी. तिला वकील नाही. वाचकहो, तिचे वकीलपत्र आज मी घेत आहे.

पैठण तालुक्यातील एक गृहस्थ मजकडे कर्जाचे कागद दाखविण्यास आले होते. मुलाला पुण्यास शिकविण्याकरिता ते जमीन गहाण टाकीत होते. मुलीचे काय, असे विचारताच म्हणाले, "साहेब, तिचे रोजचे संभाजीनगरला जाणे-येणे परवडत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत." मुलासाठी अंथरूणच गहाण टाकावयाचे आणि मुलीला म्हण ऐकवावयाची, हा कोठला न्याय?

गरिबी खोटी आहे असे मी म्हणत नाही. एस.टी.चे भाडे, खोलीचे भाडे, खाणावळ, बुडालेली मजुरी हे सारे खर्च खरे आहेत. माझी तक्रार इतकीच की, वही अर्धीच लिहिली जाते. जाण्याचा खर्च पैपैने मांडला जातो. न जाण्याच्या खर्चाचे पान कोरे राहते.

न्यायालय असा हिशेब करीत नाही. अपघातात कमावता मनुष्य दगावला तर तो पुढे काय मिळविता, हेही मोजावे लागते. मृत चाळीस वर्षांच्या आतील व कायम नोकरीत असेल तर त्याच्या उत्पन्नात ५० टक्के, स्वतःचा धंदा करणारा असेल तर ४० टक्के भर भविष्यासाठी धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात ठरवून दिले. कायदा मेलेल्या माणसाचे भविष्य मोजतो. आपण जिवंत मुलीचे भविष्य शून्य धरतो!

निजामी राजवटीत औरंगाबादेत १९२३ पासून कॉलेज होते, परंतु ते इंटरपर्यंतच. पदवीसाठी पाचशे किलोमीटरांवरील हैदराबाद गाठावे लागे. ज्याच्या घरी दोन वेळची भाकर नाही, त्याने आगगाडीचे तिकीट कोठून काढावे? बाबासाहेबांनी त्यास अंथरूण पाहण्याचा उपदेश केला नाही. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये येथे कॉलेज उघडले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. विद्यार्थ्याला विद्येपर्यंत जाणे परवडत नव्हते, म्हणून विद्याच त्याच्यापर्यंत आणली. त्याच नागसेनवनापासून पन्नास किलोमीटरांवरील मुलगी आज बसभाड्यापायी घरी बसावी, ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे काय?

शिवाय जो खर्च मांडला जातो तोही पुष्कळदा फुगविलेला असतो. बारावीपर्यंत खेड्यातील मुलीस एस.टी.चा पास अहिल्याबाई होळकर योजनेखाली विनामूल्य आहे. त्यापुढे विद्यार्थ्याच्या मासिक पासास भाड्याचा एक तृतीयांश भागच पडतो. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांस सरकारी वसतिगृहात जागा न मिळाल्यास, अटी पूर्ण होत असतील तर, निवास-भोजनासाठी स्वाधार योजना आहे. ही भीक नव्हे, हक्क होय; पण अर्ज न करणाऱ्याच्या दारी हक्क चालत येत नाही. पैसे वेळेवर न आले तर कचेरीशी भांडावे. मुलीचे नाव काढू नये.

बारावी आणि अठरावे वर्ष बहुधा एकाच उन्हाळ्यात येतात. पास 'परवडत नाही' म्हणणाऱ्या बापाला त्याच उन्हाळ्यात मांडव आणि जेवणावळ परवडते. त्यासाठी कर्जही मिळते. मग पैसा नव्हता असे कसे म्हणावे? पैसा होता, मुलगी हिशेबात नव्हती.

वाचकहो, यंदा वहीची दोन्ही पाने लिहा. आणि त्या बैठकीत मुलीला दाराआड उभी न करता समोर बसवा. जिचे म्हणणे ऐकलेच नाही, तिच्याविरुद्ध दिलेला निकाल कोणत्याही न्यायासनापुढे टिकणारा नाही.