मिस्त्री, भाचा आणि भाऊबीज

दिवाळी जवळ आली की घरोघरी चकलीच्या भाजणीवरून वाद होतात. आमच्या घरी यंदा वाद झाला तो कार्बोरेटरवरून, आणि तो चांगला तीन आठवडे चालला.

वादाचे मूळ म्हणजे आमची फियाट. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी ती १९७८ साली घेतली. तिच्या टॅक्सी-बहिणी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या उतरल्या. आमची मात्र पुण्यात अजून दाराशी उभी आहे. मुलाची नवी गाडी शेजारीच असते. पण बंद काचा आणि गार वारा यांनी आईला मळमळते. भाऊबीजेला साताऱ्याला मामांकडे जायचे ते फियाटमधूनच, असा तिचा दंडक आहे. मामांना आता प्रवास झेपत नाही, म्हणून बहीणच भावाकडे जाते.

गेल्या वर्षी खंबाटकीच्या घाटात गाडी फुरफुरली आणि बसली. मागे निळा धूर. चौऱ्याऐंशी वर्षांची आई ओवाळणीचे ताट मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला दोन तास बसली होती. साताऱ्याला पोहोचलो तेव्हा मामा दारातच खुर्ची टाकून झोपी गेले होते. आई रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "पुढच्या वर्षीचे काय सांगावे!"

म्हणून यंदा पावसाळा सरताच गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चारही प्लग काढले आणि एकेका सिलिंडरमधला दाब मोजला. तिघांत तो ठीक होता. तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये जवळजवळ निम्मा, आणि त्याचा प्लग तेलाने माखलेला. "साहेब, रिंगा गेल्या. इंजिन खोलावे लागेल." बोअर करणे, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासून बसवणे, अशी यादी झाली. मी मान डोलावली.

त्याच संध्याकाळी भाचा आला. तो चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. "मामा, इंजिन उघडतोच आहेस तर कार्बोरेटर काढून टाक आणि इंजेक्शन बसव!"

आता हे प्रकरण काय आहे, ते मला समजले तसे सांगतो. पूर्वी डासांवर फवारायचा फ्लिटचा पंप घरोघरी असे. दांडा दाबला की हवा जोराने नळीच्या तोंडावरून जायची आणि खालच्या डब्यातले औषध वर ओढले जाऊन त्याचे तुषार व्हायचे. कार्बोरेटरचे मर्म हेच. इंजिन हवा ओढते, ती एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल खेचले जाते. खालच्या वाटीतली पातळी एक फ्लोट सांभाळतो, संडासाच्या टाकीतला चेंडू सांभाळतो तशी. यात विजेचे काम नाही, आणि अक्कलही नाही. जेटचे भोक ठरलेले. महाबळेश्वरला हवा विरळ होते, तरी पेट्रोल जवळपास तेवढेच येते. मग गाडी जड चालते आणि काळा धूर सोडते.

इंजेक्शनमध्ये टाकीतला विजेचा पंप सुमारे तीन वातावरणांच्या दाबाने पेट्रोल पाठवतो आणि एक छोटा संगणक हवेचा हिशेब करून दर फेरीला किती तुषार सोडायचे ते ठरवतो. धुराड्यातला प्राणवायू तपासून तो स्वतःची चूकही सुधारतो. पेट्रोल दाबाखाली असल्यामुळे घाटात तापून त्याची वाफ होण्याचे भयही फार कमी. जुन्या फियाटवाल्यांना पेट्रोल-पंपावर ओले फडके गुंडाळल्याचे आठवत असेल. तो उपचार याच वाफेवरचा.

भाच्याने इतिहासही ऐकवला. १९५४ सालच्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये इंजेक्शन होते. आपल्या मारुती ८०० मध्ये ते २००० साली आले, आणि २०२० च्या धूर-नियमांनी दुचाकींवरचाही कार्बोरेटर जवळपास संपवला. "सगळे जग मूर्ख आहे का, मामा?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

शिवाय त्याच्याकडे एक हुकमी पान होते: पेट्रोल. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. आपल्याच उसाची ही करणी. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण पावणेपंधरा भाग लागतात. या मिश्रणाला साडेतेराच पुरतात. म्हणजे त्याच जेटमधून आलेले इंधन आता कमी पडते, इंजिन तापते. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्याही फुगवते आणि पाणी शोषून घेते. इंजेक्शनचा संगणक ही तूट आपणहून भरून काढतो. कार्बोरेटरला ती कळतही नाही.

मी ही सारी फिर्याद मिस्त्रींकडे नेली. त्यांनी शांतपणे चहा संपवला. "भाचेसाहेब खोटे बोलत नाहीत," ते म्हणाले. "पण गेल्या वर्षी घाटात गाडी बसली ती रिंगांमुळे. तेव्हा इंजेक्शन असते तरी बसलीच असती." मग त्यांनी बोटे मोजली. टाकीत पंप हवा, परतीची नळी हवी, पुलीवर दाते असलेले चाक हवे, धुराड्याला भोक पाडून सेन्सर हवा. आमच्या गाडीचा मूळचा डायनामो सावकाश चालीत पुरेशी वीज देत नाही; म्हणजे अल्टरनेटर आला. आणि शेवटचे बोट: "त्या पेटीत आपल्या इंजिनाचा हिशेब कोण भरणार? ती काही या गाडीसाठी जन्मलेली नाही."

भाच्याला विचारले. "मीच भरीन की!" तो म्हणाला. "दोन-तीन रविवार लागतील." खर्चाचा आकडा त्याने कागदावर मांडला, तो इंजिनाच्या सगळ्या कामाइतकाच निघाला. पैशांची सोय करता आली असती. पण दिवाळीनंतर त्याची बदली चेन्नईला व्हायची आहे. दुसरीकडे मिस्त्री पंचाहत्तरीला टेकलेले. जेट हातात धरले की बोटे थरथरतात. दोन्ही वैद्य जाणकार. पण रात्री-अपरात्री हाक मारली तर एक दूर आणि एक थकलेला.

हा घोळ चालू असताना आई करंज्यांचे सारण भाजत होती. तिला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. तिने सगळे ऐकले आणि विचारले, "घाटात बंद पडली तर तुला स्वतःला यातले काय उघडता येईल?"

दोन्हींपैकी काहीच येत नव्हते! सत्तेचाळीस वर्षे दाराशी असलेल्या गाडीचे बॉनेट मी पाणी घालण्यापलीकडे कधी उघडले नव्हते. वडील होते तोवर त्यांनी, नंतर मिस्त्रींनी.

निकाल तिथेच लागला. रोज कचेरीत न्यायची गाडी असती तर मी भाच्याचे ऐकले असते, आणि ते शहाणपणाचे ठरले असते. वर्षातून वीस-पंचवीस वेळा निघणाऱ्या गाडीला, मला शिकता येईल तेच बरे. कार्बोरेटर राहिला. त्यात जेट एक माप मोठे घातले, नळ्या आणि वॉशर इथेनॉलला दाद न देणारे घेतले. पेट्रोल थोडे जास्त जाईल, धूरही नव्या गाडीइतका स्वच्छ नसेल. हा तोटा मला कबूल आहे. आणि दोन रविवार मी मिस्त्रींच्या बाकावर बसून कार्बोरेटर खोलला, धुतला, जोडला. पहिल्यांदा एक स्प्रिंग उरली. दुसऱ्यांदा काही उरले नाही. भाचा शेजारी उभा राहून हसत होता. पण मिश्रण तपासायला कारखान्यातून धुराचे यंत्र मागून आणले ते त्यानेच.

परवा गाडी घरी आली. निळा धूर नाही. भाऊबीज अजून व्हायची आहे, तेव्हा फुशारकी मारत नाही. डिकीत पाना, जेट साफ करायची तार, पाण्याची बाटली आणि एक जुने फडके ठेवले आहे. आईने ते सारे पाहिले, आणि फराळाचा आणखी एक डबा त्यांच्या शेजारी ठेवला.

"हा कशाला?" मी विचारले.

"तू शिकाऊ ना!" ती म्हणाली.