ख्रिस्ती कवीचें बाड कोणाच्या दारीं?

कोथरूडास राहणारे एक शिक्षक गेल्या पंधरवड्यांत आमच्या कचेरींत एक बाड घेऊन आले. बाडांत चाळीस कविता व नऊ लघुकथा आहेत. गृहस्थ धर्मानें ख्रिस्ती, जन्मानें नगर जिल्ह्याचे, आणि भाषेनें आमच्याइतकेच मराठी. त्यांस आमचा अभिप्राय नको होता, सल्ला हवा होता. एका प्रकाशकानें “हें ख्रिस्ती वाङ्मय आहे, आमचा वाचक निराळा,” असें म्हणून बाड परत केलें. मग ते एका धार्मिक प्रकाशनसंस्थेकडे गेले, तेथें “कथा चांगल्या आहेत, पण त्यांत बोध कोठें आहे?” असा प्रश्न आला. तिसऱ्यानें कांहींच न वाचतां छपाईच्या खर्चाचा आंकडा सांगितला. एकास जें फार ख्रिस्ती तें दुसऱ्यास पुरेसें ख्रिस्ती नाहीं, आणि तिसऱ्यास तें काय आहे याची चौकशीच नाहीं. अशा स्थितींत मराठी लेखकानें जावें कोठें? हा प्रश्न एका गृहस्थापुरता असता तर आम्हीं त्यास खासगी पत्रानें उत्तर दिलें असतें. परंतु मराठी वाङ्मय कोणाच्या मालकीचें, असा हा प्रश्न आहे, म्हणून तो येथें घेत आहों.

आम्हीं तें बाड वाचलें. एका कथेंत आईसाठीं कबरस्तानांत जागा मागत हिंडणारा मुलगा आहे; दुसरींत नाताळासाठीं एस्टीनें दुष्काळी गांवीं निघालेली विधवा आहे. यांतील दुःख समजण्यास वाचकाचा बाप्तिस्मा झालेला असावा लागत नाहीं. सर्वच कविता सारख्या उतरल्या आहेत असें नव्हे. दहा-बारा तर गाळाव्या अशाच आहेत. पण परत करणाऱ्यांनीं जीं कारणें दिलीं तीं गुणदोषांचीं नव्हतीं. पुरावा न पाहतां, केवळ वादीचें नांव वाचून दावा काढून टाकावा, त्यांतलाच हा प्रकार झाला.

मालकीचा प्रश्न निघाला कीं दस्तऐवज पहावे लागतात. ख्रिस्ती लेखक हा मराठीच्या घरांत काल आलेला पाहुणा आहे, हा समज दस्तऐवजापुढें क्षणभर टिकत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांत जन्मलेला जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, आणि त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. शिवछत्रपतींचा जन्म अद्याप व्हावयाचा होता, अशा काळीं सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठींत झाला. ऐकणाऱ्यांच्या कानांत जो छंद बसला होता तोच ग्रंथकारानें पत्करला. पुढें त्या ग्रंथाचें काय झालें? सतराव्या शतकांतील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हातीं लागत नाहीं; ग्रंथ वांचला तो भाविकांनीं उतरून ठेवलेल्या पोथ्यांमुळें. १९०७ सालीं मंगळुरास तो रोमन लिपींत छापला गेला, आणि पुण्यास तो नागरी लिपींत निघाला १९५६ सालीं. संपादक शांताराम बंडेलू, प्रकाशक प्रसाद प्रकाशन. पहिल्या छपाईपासून पुण्याच्या छपाईपर्यंत ३४० वर्षें! मग आमच्या शिक्षकमित्रांनीं सहा महिन्यांच्या खेपांबद्दल कुरकुर कां करावी, असें कोणी थट्टेनें म्हणेल. आम्ही म्हणतों, एवढी दिरंगाई एकदां झाली ती पुरे.

अलीकडचे दाखले तर घरोघरचे आहेत. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचें. त्यास वगळून मराठी कादंबरीचा इतिहास लिहितां येत नाहीं. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. पण १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें त्यामागें त्यांचीच खटपट होती, आणि बालकवि ठोमरे यांस त्यांनीं स्वतःच्या घरांत ठेवून घेतलें. टिळकांनीं धर्म बदलला, भाषा बदलली नाहीं. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत निघालीं. “हें ख्रिस्ती पुस्तक, आमचा वाचक निराळा,” असें त्यांविषयीं म्हणण्याची छाती आज कोणत्या प्रकाशकास आहे?

तथापि एकतर्फी निकाल देणें आम्हांस आवडत नाहीं. प्रकाशकाचें म्हणणेंही ऐकलें पाहिजे. कवितेचें पुस्तक मुळांत कमी खपतें, मग तें कोणाचेंही असो. त्यांतून २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें महाराष्ट्रांत ख्रिस्ती लोक सुमारें १० लाख ८० हजार, म्हणजे शेंकडा एकाहूनही किंचित् कमी. आणि तेही सर्व मराठी वाचणारे नव्हेत. एवढ्या लहान वर्गासाठीं भांडवल कोण अडकवील? हिशेब बरोबर आहे. चुकलें आहे तें गृहीत. ख्रिस्ती लेखकाचा वाचक ख्रिस्तीच असावयाचा, हें ठरविलें कोणीं? तुकोबांची गाथा घेणारे सारे वारकरी नसतात. दलित आत्मकथनें ज्यांनीं डोळे पुशीत वाचलीं ते सारे दलित नव्हते. पुण्याच्याच राजहंस प्रकाशनानें फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें ‘सुबोध बायबल’ काढलें, आणि हेच दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादेच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते धर्मगुरु म्हणून कांहींनीं त्यांच्या निवडीस हरकत घेतली. संमेलन त्यायोगें अडलें नाहीं. २०२४ सालीं ते निवर्तले. त्यांच्यासाठीं उघडलेलें दार त्यांच्याबरोबरच बंद होऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

आतां दुसऱ्या दाराकडे वळूं. १८४२ सालीं अहमदनगरास निघालेल्या ‘ज्ञानोदया’नें आणि पुढें वसईच्या ‘सुवार्ते’नें ख्रिस्ती लेखकास हक्काची जागा दिली, याबद्दल मराठी भाषा त्यांची ऋणी आहे. परंतु प्रत्येक कथेच्या अखेरीस कोणीतरी गुडघे टेकलेच पाहिजेत, असा हट्ट धरणाऱ्या मंडळींस आमचें सांगणें आहे कीं प्रवचनासाठीं व्यासपीठ आहे. कथेचें काम निराळें आहे. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्तभक्तीनें परदेशी पोशाख उतरून या भूमीचें वस्त्र नेसावें, हा त्यांचा ध्यास होता. याहून राष्ट्रीय वृत्ति ती कोणती? ज्यांस टिळकांचा अभिमान आहे त्यांनीं त्यांच्या वंशजांस, म्हणजे आजच्या लेखकांस, तेवढी मोकळीक द्यावी.

राहिलें तिसरें दार. स्वखर्चानें पुस्तक काढण्यांत कमीपणा नाहीं. पंडिता रमाबाईंनीं केडगांवास छापखाना घातला आणि आश्रमांतील स्त्रियांकडून खिळे जुळवून आपलें बायबलचें भाषांतर छापविलें. पण स्वतः छापणें निराळें, आणि पैसेही आपण द्यावे व हक्कही दुसऱ्याच्या नांवें लिहून द्यावे हें निराळें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें १९ वें कलम लेखकानें एकवार अवश्य वाचावें. हक्कांचें हस्तांतर लेखी व सहीनिशीं झाल्यावांचून कायदेशीर होत नाहीं. मुदत लिहिलेली नसल्यास ती पांच वर्षांची धरली जाते. आणि घेणाऱ्यानें वर्षभरांत हक्क बजावला नाहीं तर, करारांत उलट अट नसल्यास, तो हक्क सुटतो. प्रती किती, मानधन किती, उरलेल्या प्रती कोणाच्या, हें कागदावर आल्याखेरीज सही करूं नये. पुस्तकास लागणारा आयएसबीएन क्रमांक सरकारी संस्था फुकट देते. त्यासाठीं कोणास दाम मोजूं नयेत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृति मंडळाची नवलेखकांसाठीं अनुदानाची योजना आहे. पहिलें पुस्तक असेल त्यानें तेथें अर्ज करावा. तो कोणाचा उपकार नसून नागरिकाचा अधिकार आहे.

लेखकांसही दोन शब्द. ख्रिस्ती लेखनांत आजही भाषांतराचा वास पुष्कळदां येतो, आणि मंडळीबाहेरच्या वाचकास न कळणारे शब्द खुलासा न करितां पडतात. आपलें लेखन आपल्याच नियतकालिकांत, आपल्याच संमेलनांत फिरत ठेवणें सुखाचें खरें. पण त्यायोगें भिंत दोहों बाजूंनीं उंच होते. म्हणून शिक्षकमित्रांस आम्हीं असें सुचविलें: दहा-बारा कविता गाळा, कथा व कविता वेगळ्या करा, उत्तम तीन कथा सर्वसाधारण दिवाळी अंकांकडे आधीं धाडा, आणि प्रकाशकास लिहितांना ‘ख्रिस्ती कथा’ असें न म्हणतां ‘कथा’ म्हणा. येशूचें नांव मात्र एकाही ओळींतून काढूं नका. लाजून लिहिलेलें वाङ्मय कोणासच नको असतें.

१८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहावरून केवढें ग्रामण्य माजलें, हें वाचकांस ठाऊक आहे. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे यांसही प्रायश्चित्ताच्या वादांतून सुटतां आलें नाहीं. आज ती गोष्ट आपण हंसत सांगतों. परंतु चहा चालतो आणि पुस्तक चालत नाहीं, ही स्थिति हंसण्याजोगी नाहीं. कोथरूडांत ग्रंथप्रदर्शनास गर्दी करणारा वाचक ज्या दिवशीं मांडवांतील विक्रेत्यास असें पुस्तक आपण होऊन मागेल, त्या दिवशीं प्रकाशकाचा वाचक निराळा राहणार नाहीं. तें मागण्याचें काम आमच्यापैकीं प्रत्येकाचें आहे.